खडू खाली ठेवणाऱ्या बाई

बाई, सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून बोलायला गेलो की माझा घसा दाटतो, आणि तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय. चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्याआधी आम्हाला जे भेटले त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर वाचू दे.

पहिल्या दिवशी माझ्या काखेत एक जाडजूड फाईल होती. लेकीला कमी ऐकू येतं; तिच्या कानांच्या तपासणीचे आलेख म्हणजे ऑडिओग्राम, डॉक्टरांची पत्रं आणि शेवटी छापून घेतलेले कागद. १९९४ चा, स्पेनमधल्या सालामांकाचा जाहीरनामा. शाळांनी सगळ्याच मुलांना सामावून घ्यावं, असं त्यात ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी मान्य केलं होतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार, त्यातलं शिक्षणाबद्दलचं २४ वं कलम पिवळ्या पेनानं रंगवलेलं. दारातून परत पाठवलेला बाप असाच दारूगोळा घेऊन फिरतो.

पहिल्या शाळेत फाईलला कुणी हातही लावला नव्हता. "अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात ना?" एवढंच. दुसऱ्या शाळेनं प्रवेश दिला, तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि त्यांच्या लेखी समावेशक शिक्षण तिथंच पूर्ण झालं. पोरगी वर्षभर फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या माणसाची पाठ बघत बसली. वर्षाअखेरीस प्रगतीपुस्तकावर शेरा आला, 'लक्ष देत नाही'. शाळेत काहीच न बदलता मुलाला नुसतं वर्गात आणून बसवणं म्हणजे समावेशन नव्हे, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१६ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय. तो कागद मी त्यांना दाखवला. त्यांनी झेरॉक्स ठेवून घेतली.

तुम्ही मात्र फाईल उघडलीच नाहीत. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलात आणि तिलाच विचारलंत, "तुला कुठं बसलं की बरं पडेल?"

मी सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे न बघताच हातानं थांबवलंत. ती रिकाम्या वर्गात फिरली, तीन बाकांवर बसून पाहिलं आणि दुसऱ्या रांगेतला कडेचा, खिडकीकडे पाठ असलेला बाक निवडला. म्हणाली, पहिल्या बाकावरून मागच्या मुलांची तोंडं दिसत नाहीत, आणि खिडकी समोर आली की बोलणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो. मी तिचा बाप, मला यातलं काही माहीत नव्हतं. मग तिनं आणखी एक सांगून टाकलं, "तुम्ही फळ्याकडे बघून बोललात तर मला काहीच कळणार नाही."

मला वाटलं, झालं, आता हेही दार बंद. तुमच्या हातात खडू होता. तो तुम्ही टेबलावर ठेवलात, बोटांची पूड झटकलीत आणि म्हणालात, "बरं. मग मी लिहिताना बोलणार नाही."

लोकांना वाटतं, कानाचं मशीन लावलं की झालं, चष्म्यासारखं. मशीन सगळंच मोठं करतं हो, बाक सरकल्याचा आवाजसुद्धा. मोकळ्या जागेत बोलणारा दुप्पट लांब गेला की आवाज सहा डेसिबलनं पडतो; वर्गात त्यावर प्रतिध्वनी आणि बाकीचा गोंगाट. उरलेलं ती ओठांवरून जुळवते, आणि ओठांवर 'पाप', 'बाप', 'माप' सगळे एकसारखेच. डोळे आणि कान दोन्ही जुंपून कसाबसा शब्द हाती येतो. त्या दुसऱ्या शाळेतून आली की ती मशीन काढून ठेवायची आणि तासभर कुणाशी बोलायची नाही. आम्हाला वाटायचं, हट्टी आहे. ती दमलेली असायची.

१८८० साली मिलानला बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करण्याचा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. तो ठराव त्याच परंपरेतल्या परिषदेनं व्हँकुव्हरला झिडकारला २०१० मध्ये. १३० वर्षं! माझी लेक खुणांनी बोलत नाही, तिची गरज वेगळी आहे, पण दुखणं तेच. ज्याचं शिक्षण त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं.

निधी नाही, प्रशिक्षण नाही, हे मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. त्यात खरंही बरंच आहे. रॅम्प फुकट होत नाही, विशेष शिक्षक आकाशातून पडत नाहीत. पण वळून बोलायला कसला निधी लागतो, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एकदा डबा द्यायला आलो होतो, तेव्हा दाराबाहेर जरा रेंगाळलो. माफ करा, चोरून बघत होतो. तुम्ही ओळ लिहिलीत, खडू ठेवलात, वळलात, मग बोललात. मागून एका मुलानं उत्तर दिलं, ते तुम्ही तिच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणालात, जणू सगळ्या वर्गासाठीच. परत खडू उचललात. एका तासात किती वेळा, ते मोजायचं सोडून दिलं. तुम्ही कंटाळाल याची मी महिनोन्‌महिने वाट बघत होतो, हेही कबूल करतो. इतकी वाईट सवय लागली होती आम्हाला.

आता घरचंही सांगतो. आम्हीसुद्धा दुसऱ्या खोलीतून हाका मारायचो आणि 'ओ' आली नाही की चिडायचो. परवा ती फाईल कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवता सरकवता मी पाठमोराच तिच्याशी बोलत होतो. मागून आवाज आला, "बाबा, खडू!"

हातातली फाईल खाली ठेवली आणि वळलो.

आपला,
दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या बाकावरचीचा बाबा