लेकीच्या मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून दहावी होऊन माझी लेक बेळगावात पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला आली. आपल्या कर्नाटकात २००७ पासून सरकारी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तिला इंग्रजी नवं नव्हतं. पण एक विषय म्हणून इंग्रजी शिकणं निराळं आणि फिजिक्स, केमिस्ट्री, गणित सगळंच इंग्रजीतून समोर येणं निराळं. दहावीला मराठीचा पेपर हसत लिहिणारी पोरगी कॉलेजात तोंड उघडेना. एका शिक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तुला सायन्स झेपणार नाही, आर्ट्सला जा. ते दिवस आठवले की आजही माझ्या पोटात कालवतं.

तेव्हा तुम्ही तिला बाजूला बोलावलंत आणि बर्फ पाण्यावर का तरंगतो ते मराठीत लिहून दे म्हणालात. तुमची भाषा कन्नड, मराठी जेमतेम समजतं. पण हिंदीमुळे देवनागरी वाचता येतं. तिनं काढलेली रेणूंची आकृती, पाणी गोठताना रेणू एकमेकांपासून थोडे लांब राहून बसतात आणि म्हणून बर्फाची घनता कमी होते, हे सगळं बघून तुम्ही ओळखलंत की हिला विषय येतो, अडलंय फक्त इंग्रजी. मॅडम, हे ओळखणारं माणूस तिला त्या वेळी भेटलं नसतं तर तिनं सायन्स सोडलंच असतं.

मग कॉलेज सुटल्यापासून जांबोटीची बस येईपर्यंतचा वेळ तुम्ही मराठी शाळांतून आलेल्या सगळ्याच मुलांना दिलात. उद्याच्या धड्यातले मोजके शब्द आज सांगून ठेवायचे, म्हणजे वर्गात ते पहिल्यांदा कानावर पडत नाहीत. नवी कल्पना मुलांनी आधी आपसात मराठीत बोलून घ्यायची. शास्त्रातल्या मोठ्या शब्दांपेक्षा मुलं प्रश्नातल्या शब्दांपाशी जास्त अडतात, हे तुम्हीच हेरलंत. ‘डिफाइन’, ‘जस्टिफाय’, ‘डिस्टिंग्विश’ यांपैकी कुठला शब्द काय मागतो हे कळल्यावर तिचे निम्मे पेपर सुधारले. फळ्यावर अर्धी वाक्यं लिहायचात, ‘धिस हॅपन्स बिकॉज...’ असं, आणि पुढचं मुलांनी पुरं करायचं. दिवाळीनंतर तीही पुसून टाकलीत, आता सगळं तुमचं तुम्ही लिहा म्हणून. प्रश्न विचारून तुम्ही थांबायचात, उत्तर येईपर्यंत दुसऱ्याकडे वळायचा नाहीत. बोलताना चूक झाली तर मध्येच अडवायचा नाहीत, नुसतं कन्नडमध्ये ‘अंजबेड’, म्हणजे घाबरू नको, म्हणायचात. घरी येऊन लेक तो शब्द तुमच्याच सुरात म्हणून दाखवायची.

आम्हा पालकांना बोलावून तुम्ही जे सांगितलंत, त्याचेही आभार मानायचे आहेत. आमचे पाहुणे सांगत होते, घरात मराठी बंद करा, मोडकंतोडकं का होईना इंग्रजीच बोला. तुम्ही सांगितलंत की कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी १९७९ सालीच रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडलाय. चोवीस तास इंग्रजी कानावर पडणाऱ्या मुलांनाही बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकातली पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. आमच्या मुलांच्या कानावर तर वर्गाबाहेर इंग्रजी पडतच नाही. घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, बाजारात हिंदी. मग सहा महिन्यांत जमेना म्हणून पोरीला मठ्ठ कसं म्हणायचं? आणि मराठीत पक्कं समजलेलं इंग्रजीतही उपयोगी पडतं, म्हणून घरी भरपूर मराठी बोला, तिला धडा मराठीत समजावून सांगायला लावा, हेही तुम्हीच सांगितलंत. तेव्हापासून चुलीपाशी बसून मी केमिस्ट्री ऐकते. मला सगळं कळत नाही. पण माझ्या प्रश्नांना उत्तरं देताना तिचं तिलाच उलगडतं, हे मी बघितलंय.

आता ती वर्गात हात वर करून शंका विचारते. गेल्या महिन्यात सेमिनारमध्ये फळ्यापाशी उभी राहून इंग्रजीत बोलली, अडखळत, पण शेवटपर्यंत.

जूनमध्ये आमच्या भागातली आणखी मुलं तुमच्याकडे येतील. पहिले काही दिवस ती बोलणार नाहीत, तुम्हाला ते सांगायला नकोच. लेक म्हणते, मॅडमना विचार, कॉलेज सुटल्यावरच्या तासाला मी मदतीला बसू का? तिच्या वह्या तिनं नीट जपल्यात, त्याही त्या मुलांना देईल. तुमचा होकार कळवा. आणि चतुर्थीला आमच्याकडे जेवायलाच या, बसस्टँडवर घ्यायला आम्ही येतो.

तुमची,
तुमच्या एका विद्यार्थिनीची आई