माळ्यावरची पुडकी रद्दीत देऊ नका

मुंबई

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले की, दिवाळीच्या आधी माळा साफ करायचा आहे आणि तेथील वर्तमानपत्रांची जुनी पुडकी रद्दीवाल्याला द्यायची आहेत. तेव्हा मी नुसते "थांबा" म्हटले, कारण जे सांगायचे होते ते फोनवर नीट सांगता आले नसते. ती पुडकी कृपा करून देऊ नका.

माझ्या प्रबंधासाठी गेले दोन महिने मी धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेथे नेमके काय आहे हे मात्र मी कधी सांगितले नाही. ते वाळलेल्या वनस्पतींचे संग्रहालय आहे. काचेआड मांडलेले असे तेथे फारसे काही नाही. कपाटे आहेत, कपाटांत कागदी वेष्टने आहेत, वेष्टनांत जाड कागदावर चिकटवलेल्या वनस्पती आहेत, आणि अशा नमुन्यांची संख्या लाखाच्या वर आहे. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट धर्मगुरू 1903 साली मुंबईत आले आणि 1906 च्या सुमारास त्यांनी हा संग्रह सुरू केला. पहिल्या महायुद्धात येथील जर्मन जेझुइटांना इंग्रज सरकारने स्थानबद्ध करून मायदेशी पाठवले. ब्लॅटर तटस्थ स्वित्झर्लंडचे असल्यामुळे राहू शकले आणि 1919 साली महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एडनपासून सिंधपर्यंत आणि काश्मीरच्या फुलांपासून मुंबई इलाख्यातील गवतांपर्यंत या माणसाने काय काय तपासले, हे पाहिले की मला एका आयुष्याचा हिशेब लागत नाही. 1934 साली ते पुण्यात वारले. 1941 साली या संग्रहाला त्यांचे नाव दिले गेले.

जर्मनांची जागा पुढे स्पेनमधून आलेल्या जेझुइटांनी घेतली. त्यांतील हेरास यांनी 1926 साली याच महाविद्यालयात इतिहास संशोधनाची संस्था काढली. नाणी, मूर्ती आणि पोथ्या यांचा तिचा संग्रह मी बाबांना एकदा दाखवीन. दुसरे सांतापाव. ब्लॅटर यांच्या संग्रहाला त्यांनी पुन्हा जोमाने वाढवले, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि त्यांना पद्मश्रीही मिळाली. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचे त्यांचे काम सगळ्यांना माहीत आहे, पण मला बाबांना सांगायचे आहे ते वेगळे: 1944 ते 1956 अशी बारा वर्षे ते आपल्या पुरंदरावर वनस्पती गोळा करत होते आणि त्या गडाच्या वनस्पतींवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

मागच्या बुधवारी पुरंदरावरच्या तेरड्याचा एक कागद माझ्यापुढे आला. गुलाबी रंग पार उडून पाकळ्या चहाच्या डागासारख्या झाल्या होत्या, पण फुलामागची ती बारीक वाकडी नळी, जिला मी लहानपणी शेपटी म्हणत असे, जशीच्या तशी होती. मुळाला मातीचा एक कण चिकटलेला होता. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: ठिकाण, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव, त्याचा क्रमांक. आमच्या बाई म्हणतात की, झाड हरवले तर पुन्हा आणता येते, चिठ्ठी हरवली तर तो नमुना म्हणजे पालापाचोळा. कोणती वनस्पती कोणत्या डोंगरावर कोणत्या महिन्यात फुलत होती, हे पन्नास-साठ वर्षांनी विचारले तर उत्तर फक्त त्या चिठ्ठीपाशी असते.

म्हणूनच पुडक्यांचा विषय. बाबा, दर श्रावणात तुम्ही नववीच्या मुलांना गडावर नेत होता आणि आणलेली झाडे वर्तमानपत्रात दाबून, वर पाटा ठेवून वाळवत होता. तुम्ही ते वर्गात दाखवायला करत होता. पण समासात पेन्सिलीने तारीख आणि "बिनी दरवाजाच्या वर, ओल्या कातळावर" किंवा "भैरवखिंडीच्या वाटेवर" असे लिहायला कधी चुकला नाहीत. मला ते आठवते, कारण शिसपेन्सिल मीच तासून देत असे. सांतापाव यांच्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी, त्याच गडावर, त्याच महिन्यांत, तारीख आणि जागा लिहून केलेला हा संग्रह आहे. आमच्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी हातातले काम खाली ठेवले. किती नमुने टिकले असतील ते पाहूनच कळेल, कसर आणि बुरशी यांनी काय केले असेल कोण जाणे. पण पाहिल्याशिवाय जाऊ देणे मला पटत नाही.

आणि आई, यात तुझेही काम आहे. शास्त्रीय नावे बदलत राहतात. भारंगीला पूर्वी क्लेरोडेंड्रम सेराटम म्हणत, आता रोथेका सेराटा म्हणतात. जुन्या कागदांवर अशा नव्या नावांच्या चिठ्ठ्या एकाखाली एक डकवलेल्या दिसतात. पावसाळ्यात तू जी भाजी करतेस तिचे नाव मात्र तुझ्या आजीपासून भारंगीच आहे. गावातल्या बायका कशाला काय म्हणतात, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर लावतात आणि कोणता गुरांना देत नाहीत, हे चिठ्ठ्यांवर फार कमी वेळा लिहिलेले असते, कारण विचारणाऱ्यांनी चुलीपर्यंत जाऊन विचारले नाही. बाबांच्या नमुन्यांवर ते लिहिले जावे, अशी माझी फार इच्छा आहे.

पुढच्या शनिवारी पहाटेच्या गाडीने मी येते. तोवर पुडकी माळ्यावरून उतरवून, न सोडता, ट्रंकेत ठेवा. उन्हात घालू नका, वाळलेली पाने चुरा होतात. वर्तमानपत्रे फाटली असली तरी बदलू नका, समासातले लिखाण त्यांच्यावरच आहे. एखाद्या पुडक्यावरची तारीख पुसट झाली असेल तर दोघांनी मिळून आठवावी. वर्तमानपत्रावर छापलेल्या तारखेवरूनही अंदाज येईल. आठवले ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनची शाई पुढे फिकी पडते.

बाबांनी गुडघ्याचे औषध चुकवू नये आणि शिडीवर स्वतः चढू नये. शेजारच्या मुलाला बोलवावे.

तुमची,
लेक