केबलला उगाच बोल लावला

ट्रॉय, मिशिगन
२४ ऑगस्ट

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र महिन्यापूर्वीच मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण गाडी. बायको म्हणते, या घरात कुठल्याही उशिराचं कारण गाडीच असतं.

फोटोत बघितलीयस तीच, १९७० ची शेवरोले शेव्हेल. मडगार्डवर एसएस ३९६ चा, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जोरदार मॉडेलचा, बिल्ला आहे, पण तो नंतर कुणीतरी ठोकलेला. मूळची ही साधी मालिबू, इंजिन ३५० घन इंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबात ५.७ लिटर. खऱ्या एसएसची किंमत ऐकली तर तू मला शेत विकायला सांगशील. गंमत म्हणजे त्या साली कंपनीच्या खऱ्या ३९६ बिल्ल्यामागंही ४०२ घन इंचांचं इंजिन होतं. तेव्हा खोटा बिल्ला मिरवणारा मी काही एकटा नाही.

तर वर्षभर हिचा ॲक्सिलेटर जड होता. नुसता जड असता तरी चाललं असतं. पण पाय दाबला की आधी काहीच हलायचं नाही, आणखी जोर दिला की एकदम सुटायचा आणि गाडी उडी मारायची. सिग्नलला पुढं कुणी उभा असला की माझा जीव टांगणीला. बायकोनं एकदाच चालवली, चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "पायानं हवा भरायचा पंप आहे हा."

मी काय केलं? पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या केबलला बोल लावला. स्प्रेचं तेल मारलं, दोन दिवस बरं वाटलं. मग नवी केबल मागवली, डॅशखाली उलटा झोपून, मान अवघडून ती बसवली. पेडल जसंच्या तसं. तीन आठवड्यांनी एका रात्री गॅरेजमध्ये स्टुलावर बसलो होतो आणि तुमची लूना आठवली.

आठवतंय का? आपण केबलच्या आऊटरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन बांधला, त्यात तेल ओतलं आणि केबल रात्रभर खिळ्याला टांगून ठेवली. सकाळी फरशीवर हा एवढा तेलाचा डाग, आणि रेस तशीच घट्ट. आबा उद्यमनगरला निघाले होते, डाग बघून आधी दोन शिव्या दिल्या आणि मग म्हणाले, "आधी टोकं सोडा रे. कोण धरतंय ते बघा, मग तेल घाला." शेवटी कार्बोरेटरमधला पिस्टन अडकत होता. चाळीस वर्षांत मी नेमकं तेवढंच विसरलो.

दुसऱ्या दिवशी टोकं सोडली. इंजिन बंद केलं, एअर फिल्टरचा डबा काढला, केबल कार्बच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या, खुंटीवरून उतरवली. आत बसून पेडल दाबलं तर लोणी! म्हणजे पेडल, त्याचा दांडा, बिजागरी, सगळं निर्दोष. मग कार्बचा लिव्हर हातानं फिरवायला गेलो तर अंगठा पांढराफटक पडला. गिअरबॉक्सकडं जाणारी किकडाऊनची, म्हणजे पेडल पूर्ण दाबलं की खालचा गिअर टाकणारी, केबलही सोडून बघितली, तिचा काही संबंध नव्हता.

टॉर्च मारली आणि दिसलं. लेका, तीन रिटर्न स्प्रिंगा! दोन एकात एक घातलेल्या, त्या असाव्यातच. एक तुटली तर दुसरीनं बटरफ्लाय, म्हणजे कार्बमधला हवेचा पडदा, मिटवावा म्हणून. तिसरी मात्र हार्डवेअरच्या दुकानातली, लोखंडी फाटकाला लावतात तसली जाड, कुठल्याशा बोल्टला अडकवून तिरकी ओढलेली. ती काढली तेव्हा ती का होती ते कळलं. बटरफ्लाय जवळजवळ मिटायचा आणि तिथंच थबकायचा. शाफ्टला आणि कडेला डिंकासारखा काळा थर बसला होता. आधीच्या कुणीतरी थर काढायचा सोडून स्प्रिंग वाढवली. त्याचं काम भागलं, पोटरी माझी गेली.

कार्ब क्लीनर, जुना टूथब्रश आणि अर्धा तास. त्यानंतर लिव्हर सोडला की "टक" असा आवाज यायला लागला. तो आवाज मी दहा-बारा वेळा उगाचच ऐकला.

पण केबल परत चढवली तर अजून थोडं जडच. या गाडीवर मूळचा क्वाड्राजेट कार्ब जाऊन कधीतरी एडलब्रॉक कंपनीचा बसलाय, केबल धरणारं ब्रॅकेट मात्र जुन्या कार्बचंच राहिलंय. त्यामुळं केबल खुंटीकडं सरळ यायच्या ऐवजी अर्धा इंच खालून, तिरकी यायची आणि आतली तार आऊटरच्या तोंडावर घासायची. खुंटीवरून उतरवली की ती मोकळीच, म्हणून मघाशी पेडल लोणी लागलं होतं! जुनी केबल कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढली. तोंडापाशी तारेचे चार पदर तुटून कुसळासारखे उभे. नवीवरही तीन आठवड्यांत चकचकीत पट्टा उमटलेला. म्हणजे तिचेही दिवस भरतच आले होते.

या कार्बचं ब्रॅकेट आणलं, केबल सरळ रेषेत घेतली. लिव्हरला एकापेक्षा जास्त छिद्रं असतात. शाफ्टपासून लांबच्या छिद्रात खुंटी घातली. जोर कमी लागतो, पण पेडल जास्त दाबावं लागतं, म्हणून फुल रेसला बटरफ्लाय पूर्ण उभा राहतो का ते बघायचं होतं. इंजिन बंद ठेवून लेकीला पेडलवर बसवलं आणि मी वरून कार्बमध्ये डोकावलो. पोरीनं हौसेनं सहा वेळा दाबलं. दर वेळी ॲक्सिलेटर पंपानं पेट्रोलची पिचकारी मारली आणि मी ओरडेपर्यंत गॅरेज पेट्रोल पंप झालं होतं. दार उघडून अर्धा तास बाहेर बसलो. एवढं करून बटरफ्लाय थोडा आडवाच राहत होता. कारण काय, तर पेडलखाली शिरलेली रबरी मॅट!

जाता जाता इंजिन ज्यांवर बसतं ती रबरी माउंटिंगंही पहारीनं ढकलून बघितली. जुन्या गाड्यांत केबलऐवजी सळ्यांची जोडणी असायची. माउंटिंगचं रबर सुटलं की इंजिन उचलायचं आणि त्या सळ्या बटरफ्लाय आपोआप उघडायच्या. त्यापायी जनरल मोटर्सनं १९७१ च्या अखेरीस सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उपाय काय केला, तर इंजिन उचलू नये म्हणून तारेच्या दोरानं बांधलं. आबांना हे ऐकून फार बरं वाटलं असतं. माझी माउंटिंगं घट्ट निघाली.

परवाच्या शनिवारी वूडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ होती. १९९५ पासून ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची ही जत्रा भरते, आणि जत्रेसारखीच मुंगीच्या पावलानं सरकते. फर्नडेलपासून बर्मिंगहॅमपर्यंत बायकोनं चालवली. एकदाही उडी नाही.

पाकिटात केबलचा एक तुकडा घातलाय, बोट सांभाळ, कुसळं टोचतात. तुझ्या नजरेला कळेल म्हणून विचारतो, एवढे पदर तुटायला किती महिने लागले असतील? कारण गाडी विकणारा म्हणाला होता, केबल गेल्याच वर्षी बदललीय.

तुझाच,
लूनाच्या मागच्या सीटवरचा