सूचना : पावसाळी फ्लू आणि आपला सकाळचा कट्टा

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की पुण्यात फ्लू डोकं वर काढतो. दुसरी लाट साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आपल्याच शहरात झाला होता. तो एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूचाच भाग आहे. घाबरायचं कारण नाही, पण "साधा सर्दी-ताप" म्हणून अंगावर काढू नका.

ताप, खोकला, घसादुखी असेल तर कट्ट्यावर, भजनाला, योगवर्गाला येऊ नये. हजेरीपट कोणी तपासत नाही! ताप उतरल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या, मगच या.

पासष्टीच्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचा विकार असलेले यांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवावे. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. मात्र ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच घ्यायचं. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका, विषाणूवर त्या चालत नाहीत.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गुंगी येणं यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८.

लस दरवर्षी घ्यावी लागते आणि परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे जातात, म्हणून गणपतीची वाट पाहू नका. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात उपलब्धता विचारून घ्या. एकटे राहणाऱ्या सभासदांनी आजारी पडल्यास ग्रुपवर कळवावे, डबा आणि औषधं दारापर्यंत पोहोचवू.

– कार्यवाह