काकू, रॉथच्या खात्यासाठी मनापासून आभार

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांपुढे ठेवते आहे, पण त्यात तुमचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. मार्चमध्ये तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते इथे अमेरिकेतल्या आपल्या माणसांना कळायला हवं. ज्या घरांत दोघंही नोकरी करतात त्यांना तर नक्कीच.

2024 च्या जानेवारीत आम्ही दोघांनी रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे कर भरलेल्या पैशातून निवृत्तीसाठी बचत करायच्या खात्यात, प्रत्येकी 7,000 डॉलर भरले. वर्ष संपता संपता नवऱ्याचे कंपनीचे शेअर हातात आले, मला बोनस मिळाला आणि उत्पन्नाची बेरीज 2 लाख 40 हजारांच्या पुढे गेली. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला 2024 साठी 2 लाख 30 हजारांपासून रॉथमध्ये भरायची मुभा कमी होत जाते आणि 2 लाख 40 हजारांना ती संपते. म्हणजे आमचे सगळे 14,000 जादा ठरले. जादा रक्कम खात्यात पडून राहिली तर तिच्यावर 6 टक्के दंड, आणि तोही दरवर्षी. आमच्यासाठी वर्षाला 840 डॉलर. खातं आहे त्या कंपनीला फोन केला तर ‘पैसे काढून घ्या’ एवढंच उत्तर मिळालं.

तुम्ही आधी उत्पन्न मोजायला बसलात. पुण्याच्या बँकेतल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथल्या रिटर्नमध्ये ते उत्पन्नच असतं. बँकेचा दाखला एप्रिल ते मार्चचा, इथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबरचं. तुम्ही पासबुकातून तिमाहीमागून तिमाही ते व्याज वेगळं काढलंत. त्याने बेरीज वाढणारच होती, कमी होणार नव्हती. तरी तुम्ही ते सोडलं नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. मग बेरीज खाली आणायची काही वाट आहे का, हेही पाहिलंत. एचएसए, म्हणजे ठरावीक आरोग्यविम्यासोबत मिळणारं औषधोपचाराच्या बचतीचं खातं, असतं तर 15 एप्रिलपर्यंत त्यात मागच्या वर्षाचे पैसे भरून उत्पन्न उतरवता आलं असतं. आमचा आरोग्यविमा त्यात बसत नव्हता, म्हणून तो विषय तिथेच संपला.

पैसे काढले असते तर त्यावरची वाढही काढावी लागली असती, तिच्यावर 2024 चा कर लागला असता, आणि त्या वर्षाची निवृत्तीची बचत कायमची हुकली असती. तुम्ही रिकॅरॅक्टरायझेशन सुचवलंत: रक्कम आणि तिच्यावरची वाढ ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (निवृत्तीचं दुसरं खातं, ज्यात कर पैसे काढताना लागतो) वळवायची, म्हणजे ती पहिल्या दिवसापासून तिथेच भरली होती असं धरलं जातं. हा मार्ग बंद झाला असं मी किती जणांकडून ऐकलं होतं! 2018 पासून बंद झालं ते ट्रॅडिशनलमधून रॉथमध्ये केलेलं रूपांतर उलटवणं. भरलेली रक्कम अशी वळवणं आजही चालतं. रिटर्न वेळेत भरलं किंवा वेळेत मुदतवाढ घेतली, तर 15 ऑक्टोबरपर्यंत हे करता येतं. हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा आम्हा दोघांच्या जिवात जीव आला.

मग 8606 नंबरचा फॉर्म. आम्हा दोघांनाही नोकरीत 401(के), म्हणजे कंपनीतर्फे चालणारं निवृत्तीचं खातं, आहे आणि उत्पन्न असं, म्हणून ट्रॅडिशनलमध्ये गेलेल्या रकमेवर वजावट मिळणार नव्हती. त्या पैशावर कर भरून झाला आहे, ही नोंद हा फॉर्म ठेवतो. दोघांचा वेगळा. ‘हा कागद जपला नाहीस तर स्वतःच्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भरशील,’ असं म्हणत तुम्ही तो माझ्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतलात. स्वतः भरून देणं तुम्हाला कितीतरी सोपं होतं. समोरच्याला समजेपर्यंत थांबायला जो वेळ लागतो तो तुम्ही आम्हाला दिलात, आणि त्याचे पैसे घ्यायला साफ नकार दिलात.

रॉथमध्ये भरायला उत्पन्नाची मर्यादा आहे, पण ट्रॅडिशनलचं रॉथमध्ये रूपांतर करायला 2010 पासून ती नाही. माझं दुसरं कुठलं आयआरए नव्हतं, त्यामुळे माझं रूपांतर एप्रिलमध्येच झालं. कर लागेल तो फक्त मधल्या वाढीवर. नवऱ्याचं मात्र तुम्ही थांबवलंत. त्याच्या जुन्या नोकरीतले 63,000 डॉलर ट्रॅडिशनल आयआरएमध्ये आहेत, कर न भरलेले. त्यात हे 7,000 मिळवले की एकूण 70,000, आणि रूपांतर केलेल्या दर डॉलरमधला एक दशांशच करमुक्त. कर भरलेले तेवढेच वेगळे उचलता येत नाहीत. सरकार 31 डिसेंबरला त्याच्या सगळ्या ट्रॅडिशनल आयआरएंची मिळून बेरीज पाहतं. यावर उपाय म्हणून ते 63,000 आधी 401(के)मध्ये हलवायला सांगितलंत, कारण 401(के) या हिशेबात धरत नाहीत. मी हे सगळं इतक्या तपशिलात लिहिते आहे, कारण नोकरी बदलताना जुनं 401(के) आयआरएमध्ये वळवलेली माणसं आपल्यात पुष्कळ आहेत आणि बॅकडोअर रॉथबद्दल, म्हणजे ट्रॅडिशनलमधून रॉथमध्ये जायच्या या आडवाटेबद्दल, बोलताना ही गोष्ट कुणीच काढत नाही.

रॉथचं खातं ज्यांच्या नावाने 1997 च्या कायद्यात आलं ते सेनेटर विल्यम रॉथ आपल्याच डेलावेअरचे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

नवऱ्याच्या कंपनीने बाहेरची रक्कम 401(के)मध्ये घेऊ म्हणून लेखी कळवलं आहे. ते हस्तांतर झालं की त्याचं रूपांतर करू, डिसेंबरच्या आत. पुढच्या जानेवारीत खात्यातून रक्कम हलल्याचा 1099-आर हा फॉर्म येईल, त्यावर रिकॅरॅक्टरायझेशनचा ‘आर’ हा कोड असेल आणि त्याने घाबरायचं नाही, हे फायलीवर लिहून ठेवलं आहे. रक्कम वळवल्याचा जो खुलासा 2024 च्या रिटर्नला जोडला त्याची प्रतही त्याच फायलीत आहे. या शनिवारी दोघंही तुमच्याकडे येतो आहोत. जेवण मी करून आणते, तुम्ही काही करू नका.

तुमची,
डेलावेअरची तुमची शेजारीण