‘कागज के फूल’ पूर्ण रुंदीत दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरुदत्त यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने ‘कागज के फूल’ पुन्हा ठिकठिकाणी दाखवला जातो आहे, याचा मनापासून आनंद आहे. मात्र कित्येकदा तो दोन्ही कडांनी कापलेला असतो. पडदा भरलेला दिसतो म्हणून कुणी तक्रारही करत नाही. या चित्रपटाच्या बाबतीत हे खपवून घेता कामा नये.

१९५९चा हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. चौकटीची रुंदी उंचीच्या २.३५ पट. चित्रपटधंद्याची आतली बाजू दाखवताना गुरुदत्त, छायालेखक व्ही. के. मूर्ती आणि कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर यांनी ही रुंदी पुरेपूर वापरली आहे. स्टुडिओतला रिकामा फ्लोअर आणि त्या अवाढव्य जागेत एकटा पडत गेलेला नायक, दिग्दर्शक सुरेश सिन्हा! ‘वक़्त ने किया’ या गाण्यासाठी मूर्तींनी बाहेरचं ऊन एका मोठ्या आरशावर झेललं आणि दुसऱ्या आरशाने ते स्टुडिओत फेकलं. त्या झोताभोवती सुरेश आणि त्याच्या चित्रपटाची नायिका शांती एकमेकांपासून दूर उभे आहेत. दोघांचे ओठही हलत नाहीत. देहातून निघालेल्या छायाकृतीच तेवढ्या जवळ येतात. प्रसंगाचा सगळा अर्थ मधल्या अंतरात आहे. हेच चित्र आजच्या टीव्हीच्या १६:९ पडद्यावर वरखाली भरेपर्यंत झूम केलं, की रुंदीचा सुमारे २४ टक्के भाग जातो. जुन्या ४:३ टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत तर ४३ टक्के.

३५ मि.मी.ची प्रिंट असेल तर तिच्यावरचं चित्र आडवं निम्म्याने दाबलेलं असतं. प्रोजेक्टरवरचं अ‍ॅनामॉर्फिक भिंग ते पुन्हा दुप्पट पसरवतं. आधी मूळ भिंगाचा फोकस पक्का करावा, मग अ‍ॅनामॉर्फिक चढवून खांब आणि दारांच्या कडा सरळ उभ्या दिसेपर्यंत ते फिरवावं, आणि शेवटी पडद्याच्या अंतरानुसार त्याचा स्वतःचा फोकस लावावा. ही शेवटची पायरी बहुधा राहून जाते. मग चित्र एका दिशेने तीक्ष्ण आणि दुसऱ्या दिशेने मऊ दिसतं, आणि दोष प्रिंटला दिला जातो. माणसं उंच, काटकुळी दिसली तर भिंग लावलेलंच नाही असं समजावं. गेटमध्ये (प्रोजेक्टरमध्ये फिल्म प्रकाशासमोरून सरकते त्या जागी) स्कोपचीच, म्हणजे सिनेमास्कोपच्या मापाची, अ‍ॅपर्चर प्लेट (चित्राची चौकट ठरवणारी पट्टी) हवी. दुसरी असेल तर चित्राच्या कडा झाकल्या जातात. सुरुवातीच्या सिनेमास्कोप भिंगांत अगदी जवळचे चेहरे किंचित रुंद येत, कारण कमी अंतरावर भिंग पुरेसं दाबत नसे. तसं कुठे दिसलं तरी प्रोजेक्टरवर ते सुधारायला जाऊ नये.

डीसीपी (चित्रपटगृहांसाठीची डिजिटल प्रत) असेल तर काम सोपं. २के स्कोप फाइल २०४८ × ८५८ पिक्सेलची असते. ‘स्कोप’ प्रीसेट निवडून पडद्याची मास्किंग (कडेचे काळे पडदे) त्या मापाला आणली की झालं. खरा घोळ डिस्कवरून (डीव्हीडी किंवा ब्लू-रे) दाखवताना होतो. डिस्कच्या १६:९ चित्रातच वरखाली काळ्या पट्ट्या असतात. ते स्कोप पडद्यावर तसंच सोडलं, तर चारही बाजूंनी काळं आणि मधे छोटंसं चित्र उरतं. अशा वेळी चित्राची रुंदी पडद्याला मिळेपर्यंत प्रोजेक्टरच्या भिंगानेच झूम करावं. काळ्या पट्ट्या पडद्याबाहेर गेल्या तरी चालतील, चित्र मात्र ताणू नये. खेळाआधी टेपने मोजून घ्यावं: २० फूट रुंद चित्राची उंची साडेआठ फूट भरली पाहिजे. सभागृहातले बाजूचे दिवेही बंद हवेत. कृष्णधवल चित्रात काळं राखाडी झालं की ‘वक़्त ने किया’मधला तो झोत मरतो.

घरच्या टीव्हीवर पिक्चर साइज ‘ओरिजिनल’ ठेवावा, झूम नको; चित्र गुळगुळीत करणारी मोशन सेटिंग आणि ‘व्हिविड’ मोड बंद करावेत. वरखाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या मिळून पडद्याची जवळपास पाव उंची घेतात. चित्र पूर्ण आहे याची ती खूण आहे.

आयोजकांनी आणि वाहिन्यांनी जाहिरातीतच प्रत कोणती (३५ मि.मी., डीसीपी की डिस्क) आणि चौकट किती, हे छापावं. आपल्या वृत्तपत्रातल्या ‘आजचे कार्यक्रम’ या जागेतही वेळ आणि स्थळाशेजारी एवढी एक ओळ द्यावी, ही विनंती.

आपले,
फिल्म सोसायटीत प्रोजेक्शन सांभाळणारे काही कार्यकर्ते