सॅन फ्रान्सिस्कोत गाडी घेऊ नकोस

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद.

कामाचं आटोपल्यावर तू सॅन फ्रान्सिस्कोत आणखी काही दिवस राहणार आहेस, हे वाचून मला फार बरं वाटलं. गाडी भाड्याने घ्यावी का, असं विचारलंयस. नको घेऊस. विमानतळावरच बार्टची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, गाडी मिळते, ती तुला थेट पॉवेल स्ट्रीट स्टेशनला आणून सोडेल. तिथून पुढे बस, ट्राम, केबल कार आणि तुझे पाय एवढं पुरे. बाबा आणि मी असेच फिरलो. आम्ही ते शहर ज्या तऱ्हेने बघितलं, त्याच तऱ्हेने तूही बघावंस असं मला मनापासून वाटतं.

शहर तसं लहान आहे. द्वीपकल्पाच्या टोकावर वसलेलं. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ११ किलोमीटर. एवढ्याशा जागेत गाडी घेऊन फिरणारा माणूस निम्मा वेळ ती उभी करायला जागा शोधत असतो. जागा मिळाली की चाकं कडेच्या दगडाला टेकतील अशी वळवून ठेवायची, कारण तीन टक्क्यांहून जास्त उतार असेल तर तिथला नियमच तसा आहे. काचा फोडून सामान नेण्याचे प्रकारही होतात, म्हणजे जिथे जाशील तिथे मागे लक्ष. शिवाय त्या खड्या चढांच्या माथ्यावर गाडीच्या काचेतून पुढचा रस्ता दिसतच नाही, नुसतं आकाश दिसतं. चालणाऱ्याला त्याच जागी उभं राहून खाली खाडी, पूल, बेटं असं सगळं दिसतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. हे शहर अंतराने मोजू नकोस, उंचीने मोज. नकाशावर दोन ठिकाणं चार चौक दूर दिसतील आणि मधे अख्खी टेकडी उभी असेल. याचं कारण जुनं आहे. १८४७ मध्ये जॅस्पर ओफॅरेल नावाच्या सर्वेक्षकाने शहराची आखणी केली. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, चौकटीचे, आणि टेकड्यांवरून तसेच वर गेलेले. दुसरीकडे डोंगरावरचा रस्ता वळणं घेत चढतो. इथला नाकासमोर चढतो. हाइड आणि लेव्हनवर्थच्या मधला फिल्बर्ट स्ट्रीटचा तुकडा ३१.५ टक्के चढाचा आहे, म्हणजे १०० मीटर पुढे गेलीस तर ३१.५ मीटर वर. अशा काही रस्त्यांवर पदपथाच्या चक्क पायऱ्या केल्या आहेत. म्हणून सकाळी निघण्याआधी फोनवरच्या नकाशात उंचीच्या रेषा दिसतील असं करून घे आणि बघ, मधे काय आहे. पुष्कळदा एक रस्ता सोडून शेजारच्याने गेलं की तोच चढ निम्मा होतो.

सायकलवाल्यांनी हे फार छान शोधून काढलंय. मार्केट स्ट्रीटकडून गोल्डन गेट पार्कच्या दिशेला जाताना ते सरळ जात नाहीत. डावीकडे, उजवीकडे वळत, टेकड्यांच्या मधल्या सखल भागातून नागमोडी जातात. त्या वाटेला ‘विगल’ म्हणतात. जुना ओढा जिथून वाहायचा, साधारण त्याच वाटेने. पाणी जिथून गेलं तिथून माणसाने जावं, यापेक्षा शहाणी वाट कोणती?

आमची पद्धत सोपी होती: वर जायला वाहन, खाली यायला पाय. तूही तेच कर. वॉशिंग्टन स्क्वेअरजवळून ३९ क्रमांकाची बस पकड. ती टेलिग्राफ हिलवर कॉइट टॉवरच्या दारापर्यंत नेते. टॉवर १९३३ चा. आतल्या भिंतींवरची चित्रं पुढच्या वर्षीची, महामंदीच्या काळात सरकारने चित्रकारांना पगार देऊन काढून घेतलेली. शेतमजूर, गोदी कामगार, वर्तमानपत्र वाचणारी गर्दी, रस्त्यावरची लूटमार, सगळं आहे त्यात. घाई करू नकोस तिथे. बहुतेक लोक वरचा देखावा बघतात, फोटो काढतात आणि त्याच बसने परत जातात. तू मात्र पूर्वेच्या बाजूने फिल्बर्टच्या पायऱ्या उतर.

या पायऱ्यांबद्दल किती लिहू असं होतं मला. मधे एक लाकडी जिना आहे आणि दोन्ही बाजूंना बाग. त्या बागेच्या आत घरं आहेत, ज्यांच्या दारापर्यंत गाडीचा रस्ताच नाही. तिथे राहणारे लोक सामानसुमान हाताने उचलून पायऱ्यांवरून नेतात. पूर्वी तिथे कचरा टाकायचे. ग्रेस मर्चंट नावाच्या तिथेच राहणाऱ्या बाईंनी तो उपसून झाडं लावली आणि वर्षानुवर्षं ती राखली. बागेला आज त्यांचंच नाव आहे. लाल डोक्याच्या हिरव्या पोपटांचा थवाही या टेकडीवर असतो. आधी त्यांचा कलकलाट ऐकू येतो, मग दिसतात. आम्ही एका कठड्याला टेकून कितीतरी वेळ उभे होतो, आणि बाबा, जे कुठेही पाच मिनिटांच्या वर थांबत नाहीत, तेही ‘चल’ म्हणाले नाहीत.

खाली उतरलीस की एम्बार्केडेरो, म्हणजे खाडीकाठचा रुंद रस्ता. आज तिथे ताडाची झाडं, ट्रामचे रूळ, चालणारे लोक दिसतात. पण कित्येक वर्षं या किनाऱ्यावर दुमजली फ्रीवे होता आणि शहर नि पाणी यांच्यामध्ये काँक्रीटची भिंत होती. १९८९ च्या भूकंपात तो मोडकळीला आला, आणि पुन्हा उभारायचा की नाही यावर भांडणं होऊन १९९१ मध्ये पाडायला घेतला. तेव्हा पाणी पुन्हा शहराला दिसलं. गाडीसाठी बांधलेली एवढी मोठी वस्तू काढून टाकणारं शहर गाडीशिवायच बघावं, असं मला वाटतं ते यामुळेही. तिथून एफ मार्गाची जुनी ट्राम पकड. मिलानमध्ये धावलेल्या १९२८ च्या ट्राम तिथे अजून चालवतात. आत पॉलिश केलेल्या लाकडी बाकांवर बसून तू फेरी बिल्डिंगला, म्हणजे खाडीतल्या प्रवासी बोटींच्या स्थानकाला, पोचशील. तिचा घड्याळाचा मनोरा १८९८ पासून उभा आहे, १९०६ चा भूकंपही त्याने सोसला.

केबल कारमध्ये बसशीलच. पण ती नुसती गंमत म्हणून बघू नकोस. त्याआधी या चढांवर घोडे गाड्या ओढायचे. ओल्या फरसबंदीवर घोडे घसरून मरताना बघितले म्हणून अँड्र्यू हॅलिडी यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. ऑगस्ट १८७३ मध्ये क्ले स्ट्रीटच्या चढावर त्यांची गाडी धावली. रस्त्याखालून एक पोलादी दोर सतत फिरत असतो, ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने. गाडीत इंजिन नसतंच. ग्रिपमन मोठा लोखंडी दांडा ओढतो, खाली चिमट्याने दोर पकडला जातो, गाडी चढायला लागते. थांबायचं तर दोर सोडून ब्रेक लावायचा. त्याचे खांदे आणि हात बघ, किती ताकदीचं काम आहे ते कळेल. नॉब हिलवर श्रीमंतांचे वाडे उठले ते केबल कार वर जायला लागल्यावर. १९४७ मध्ये तिथल्या महापौरांनी या गाड्या बंद करून बस आणायचं ठरवलं होतं. फ्रीडेल क्लुसमन नावाच्या बाईंनी लोकांना उभं केलं, मतदान झालं, गाड्या वाचल्या. वॉशिंग्टन आणि मेसनच्या कोपऱ्यावर केबल कार संग्रहालय आहे, तिथे तिकीट नाही. शहरभरचे दोर ओढणारी अवाढव्य चाकं वरच्या सज्जातून फिरताना दिसतात. बाबा तिथून हलेनात.

पॉवेल आणि मार्केटच्या कोपऱ्यावर गाडी हाताने ढकलून वळवतात, ते बघ, पण तिथल्या रांगेत उभी राहू नकोस. कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या मार्गावर गर्दी बरीच कमी असते आणि चढ तितकाच देखणा. पॉवेल-हाइड मार्गाने मात्र एकदा जा. हाइडच्या माथ्यावरून पुढे अल्काट्राझ बेट आणि सगळी खाडी एकदम समोर येते. लोम्बार्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उतर. तो प्रसिद्ध वाकडा रस्ता, आठ वळणांचा, १९२२ चा. २७ टक्के उतार गाड्यांना झेपावा म्हणून वळणं घातलेली. गाड्या तिथे रांग लावून ताटकळत असतात आणि तू कडेच्या पायऱ्यांवरून निवांत उतरून जाशील.

साध्या बसनाही कमी लेखू नकोस. तिथल्या बऱ्याच बस डोक्यावरच्या तारांमधून वीज घेऊन चालतात, कारण विजेची मोटर खड्या चढाला चांगली ओढते. ‘१ कॅलिफोर्निया’ ही तशीच. केबल कारच्या शेजारच्या रस्त्यांवरून तीच नॉब हिल चढते आणि तिकीट कितीतरी कमी. क्लिपर कार्ड घेऊन ठेव, ते बार्ट, बस, ट्राम, फेरी बोट सगळीकडे चालतं; बस आणि ट्राममध्ये एकदा पैसे कापले की दोन तास बदलत फिरता येतं. केबल कार त्या सवलतीत बसत नाही. तिच्यात रोजच चढायचं असेल तर पाहुण्यांसाठीचा एक, तीन किंवा सात दिवसांचा पास परवडतो.

कपड्यांचं नीट ऐक. तू जुलैत जातेयस म्हणून उन्हाळी कपडे भरशील, पण तिथे जुलै थंड असतो. किनाऱ्यालगतचं समुद्राचं पाणी गार, त्यावर धुकं धरतं; आतल्या खोऱ्यातली जमीन तापून हवा वर गेली की ते धुकं गोल्डन गेटच्या फटीतून शहरात ओढलं जातं. पश्चिमेकडे दिवसभर करडं आकाश असेल आणि त्याच वेळी टेकड्यांच्या आडोशाला असलेल्या मिशन भागात कडक ऊन. एका बसच्या प्रवासात ऋतू बदलतो. वाऱ्याला अडवणारं जाकीट पाठपिशवीत रोज हवंच. आणि ट्विन पीक्सला, म्हणजे शहराच्या मधल्या जोडटेकड्यांवर, सकाळी उठून धावत जाऊ नकोस; दुपारी धुकं फाटलेलं दिसलं की मग जा.

पश्चिमेला एक दिवस पूर्ण दे. एन जुडा ट्रामने १६ व्या अव्हेन्यूला उतर आणि मोरागा स्ट्रीटपर्यंत चालत जा. तिथे १६३ पायऱ्या आहेत, प्रत्येकीच्या समोरच्या बाजूला मोझेक. तळाशी समुद्र, वर चढत जाशील तसे मासे, मग जमीन, फुलं, सर्वांत वर चंद्र आणि सूर्य. वस्तीतल्या लोकांनी दोन कलाकार स्त्रियांबरोबर हे काम २००५ मध्ये पुरं केलं. माझा नियम इथे मोड आणि खालून वर चढ, कारण चित्र त्याच दिशेने उलगडतं. मग परत तीच ट्राम धरून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. पुढे वाळू आणि पॅसिफिक. तिथल्या किनाऱ्याच्या हमरस्त्याचा सुमारे ३ किलोमीटरचा पट्टा गाड्यांना कायमचा बंद केलाय. एप्रिल २०२५ पासून त्याचं ‘सनसेट ड्यून्स’ नावाचं उद्यान झालंय, आम्ही गेलो तेव्हा नव्हतं. तू चालून ये आणि मला सगळं सांग. पाण्यात मात्र पोटरीच्या वर जाऊ नकोस, तिथली पाण्याची ओढ फार वाईट आहे.

गोल्डन गेट पुलासाठी २८ क्रमांकाची बस आहे. चालणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. निदान मधोमध जाऊन ये. दोन मनोऱ्यांमधलं अंतर १२८० मीटर आहे, खालून मोठी जहाजं जातात, आणि शेजारून गाड्या धावताना पूल पायाखाली थरथरलेला जाणवतो. अंगात उत्साह असेल तर फिशरमन्स वॉर्फजवळ विजेवर चालणारी सायकल भाड्याने घे, पूल ओलांड, पलीकडे सॉसलिटोला उतरत जा आणि सायकलसकट फेरी बोटीने परत ये. सर्वांत मोठा चढ क्रिसी फील्ड हे खाडीकाठचं मैदान संपल्यावर पुलापर्यंतचा. शेवटची फेरी किती वाजता आहे ते निघण्याआधी बघून ठेव.

बूट नवे नेऊ नकोस, सवयीचे ने, तळवा घट्ट धरणारे. चढाने दम लागतो तो दोन मिनिटं थांबलं की जातो. गुडघे दुखवतो तो उतार. पावलं लहान टाक, फार खडं असेल तर थोडं तिरकं उतर. आणि एक आईचं म्हणून ऐक: पॉवेल स्ट्रीटच्या पश्चिमेला टेंडरलॉइन नावाचा भाग आहे, तिथे रस्त्यावर बेघर आणि आजारी माणसं फार आहेत. त्यांच्याकडे बघून जीव तुटतो. दिवसा जाशील तर जा, अंधार पडल्यावर एकटीने त्या गल्ल्यांतून चालू नकोस, बस घे.

अल्काट्राझला, म्हणजे त्या जुन्या तुरुंगाच्या बेटावर, जायचं असेल तर बोट पिअर ३३ या धक्क्यावरून सुटते आणि उन्हाळ्यात तिकिटं आधीच संपतात. ते आजच काढ, बाकीचं तिथे गेल्यावर ठरव. हॉटेल कोणत्या रस्त्यावर घेतलंस तेही कळव, म्हणजे तिथून कुठली बस जवळ पडेल ते बघून ठेवते.

तुझी,
आई